दोन हेक्टरांचा हिशेब

टांझानियाच्या उद्झुंग्वा पर्वतराजीत किहान्सी नदी ज्या अरण्यमय दरीत कोसळते, तेथे धबधब्याच्या तुषारांनी बारमाही भिजणारी जेमतेम दोन हेक्टर पाणथळ जागा होती. तेवढ्याशा जागेत, आणि जगात अन्यत्र कोठेही नाही, इंचभर लांबीचा एक पिवळसर बेडूक राहत असे. त्याची मादी अंडी न घालता थेट पिलांना जन्म देते. १९९६ साली तो शास्त्रज्ञांच्या प्रथम दृष्टीस पडला, तेव्हा जागतिक बँकेच्या साहाय्याने तेथील जलविद्युत प्रकल्पाचे बांधकाम सुरूही झाले होते.

हा क्रमच उफराटा आहे. आधी खर्च-लाभाचा ताळेबंद, मग कर्ज, मग बांधकाम आणि अखेरीस दरीत काय आहे याची सविस्तर पाहणी! ज्याचे अस्तित्वच ठाऊक नाही, त्याचे मूल्य कोणत्या रकान्यात मांडणार? १८० मेगावॅट वीज मात्र मोजता येत होती, आणि गरीब देशाला तिची निकड होती हे नाकारणे ढोंगीपणाचे ठरेल. बेडूक हवा की वीज, असा सवाल दिव्यांच्या झगमगाटात बसून टांझानियाला विचारणे सोपे असते.

परंतु खरा प्रश्न धबधब्यासाठी किती पाणी राखायचे, एवढाच होता. तो वेळीच सुटला नाही. २००० सालच्या सुमारास नदीचे सुमारे नव्वद टक्के पाणी वीजकेंद्राकडे वळले आणि तुषार आटले. मग धावपळ झाली. त्या वर्षाअखेरीस ४९९ बेडूक अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयात पाठविण्यात आले. दरीत नळ टाकून कृत्रिम तुषारांची सोय करण्यात आली. त्यामुळे संख्या काही काळ सावरली. परंतु २००३ मध्ये ती एकाएकी कोसळली. कातडीला ग्रासणारी कायट्रिड बुरशी हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. तेव्हा सारा दोष धरणाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. तथापि दोन हेक्टरांत कोंडलेल्या जातीला रोग आल्यास दुसरा आसराच उरत नाही. २००९ मध्ये ही जात निसर्गातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. २०१२ पासून बंदिवासात वाढविलेले बेडूक पुन्हा दरीत सोडण्यास प्रारंभ झाला.

तुषारयंत्रणा, परदेशातील संगोपन, दारेस्सलामच्या विद्यापीठातील पैदासगृह हे सारे खर्च वीजनिर्मितीचेच होत. मूळ हिशेबात मात्र ते नव्हते. पाहणीचा अहवाल कर्जमंजुरीपूर्वी हाती असता, तर धबधब्याचा वाटा जनित्रांची क्षमता ठरवितानाच वजा करता आला असता.