फीत कापायला सगळे हजर, आलेख काढायला कुणीच नाही

डायलिसिस सेंटरचं उद्घाटन म्हटलं की मांडव, फ्लेक्स, नारळ, सत्कार. 2016 मध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला, आपल्याकडे महात्मा फुले योजनेतही डायलिसिस आहे. चांगलंच आहे. आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास मशीनला जोडून घ्यावं लागतं त्यालाच त्याची किंमत कळते. पण त्या खुर्चीपर्यंत पोचायला माणसाला बहुतेक वेळा कित्येक वर्षं लागतात. त्या वर्षांत आपली आरोग्यव्यवस्था कुठे असते?

शिबिरात बीपी बघतात, बोटाला टोचून शुगर बघतात. किडनी खराब होण्याची सगळ्यात मोठी दोन कारणं हीच. मग त्याच माणसाची लघवी तपासायला कुणी नको म्हटलंय?

माझ्या मावशीची फाईल माझ्याकडे आहे. 2019 साली, साठाव्या वर्षी, क्रिएटिनिन 0.8. 2021 ला 1.0. 2024 ला 1.1. लॅब तीन, रिपोर्ट तीन, आणि तिन्हींवर छापलेली मर्यादा 0.6 ते 1.2. म्हणजे सगळं 'नॉर्मल'. एकाही डॉक्टरने आधीचा कागद मागितला नाही.

आता हेच आकडे ईजीएफआरच्या सूत्रात घाला. वय, स्त्री की पुरुष आणि क्रिएटिनिन यांवरून किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज देणारं हे सूत्र मोबाईलवर फुकट मिळतं. उत्तर येतं साधारण 84, मग 64, मग 56. पाच वर्षांत 28 ने घट! वर्षाला 5 पेक्षा जास्त घसरण सातत्याने होत असेल तर तिला वेगाने वाढणारा आजार म्हणतात. आणि कागदावर एक चांदणीसुद्धा नाही. तेच 1.1 पंचवीस वर्षांच्या पोराचं असतं तर ईजीएफआर 95 च्या आसपास आला असता. एकच आकडा, दोन वेगळी माणसं, आणि लॅब दोघांनाही 'नॉर्मल' म्हणते.

"लोकच तपासण्या करत नाहीत हो," हे ऐकून कान किटलेत. मावशीने तिन्ही वेळा पदरचे पैसे मोजून तपासणी केली. तिने अजून काय करायचं होतं?

एका रिपोर्टवरून घाबरू नका, हेही सांगतो. जुलाब, ताप, पाणी कमी पिणं, आदल्या रात्रीचं भरपेट मटण, कशानेही आकडा हलतो. म्हणून तर तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं असतं, आकडे एकाखाली एक मांडायचे असतात. आणि खरी पहिली चाहूल बऱ्याचदा रक्तात नसतेच, लघवीत असते. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण, म्हणजे एसीआर, 30 च्या वर गेलं आणि तिथेच राहिलं की किडनी गळायला लागली समजा, क्रिएटिनिन कितीही गोंडस असो. त्या टप्प्यावर टेल्मिसार्टनसारखी जुनी स्वस्त गोळी, डापाग्लिफ्लोझिन (पेटंट संपलं, आता जेनेरिक मिळतं), आणि गुडघ्यासाठी रोज घेतलेली डायक्लोफिनॅक बंद करणं, एवढ्यानेही घसरण लक्षणीय मंदावू शकते. डॉक्टरला विचारूनच, अर्थात.

अंगणवाडीत दर महिन्याला पोराचं वजन करून आलेखावर ठिपका देतात. सेविकेला कळतं, रेघ खाली चालली की धावायचं. तुटपुंज्या मानधनावर ती हे करते. आणि लाखोंच्या मशीन लावलेल्या लॅबला मागचा आकडा शेजारी छापता येत नाही?

मागणी मोठी नाहीये. क्रिएटिनिनच्या प्रत्येक रिपोर्टवर ईजीएफआर छापणं सक्तीचं करा. ब्रिटनमध्ये 2006 पासून लॅब आपणहून देतात. बीपी-शुगरच्या प्रत्येक पेशंटचा एसीआर वर्षातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात करा. आणि दोन्ही आकडे लिहायला एक कार्ड द्या, लसीकरणाचं असतं तसं.

तुमचे आमदार पुढच्या वेळी डायलिसिस सेंटरची फीत कापायला आले, की त्यांना एवढंच विचारा: तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एसीआर होतो का?