तपासाला पदवी कशाला?

"तपास वर्गात शिकता येत नाही, तो पोलीस ठाण्यातच अंगी मुरतो." विद्यापीठात गुन्हे-तपासाचा अभ्यासक्रम काढा म्हटले, की हा आक्षेप हमखास येतो. तो अगदीच पोकळ नाही. खबऱ्या सांभाळणे, घाबरलेल्या साक्षीदाराला बोलते करणे ही कामे बाकावर बसून येत नाहीत. पण ठाण्यात कसब मुरते तशा चुकाही मुरतात, आणि त्या ज्येष्ठाकडून कनिष्ठाकडे बिनबोभाट जातात.

रक्ताने भिजलेला शर्टच घ्या. तो ओलाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून सील केला, तर आत जंतू वाढतात आणि डीएनए नासतो. तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावा लागतो. तसे केले नाही, तर पंचांच्या सह्या, लाखेचे सील, मुद्देमालाची नोंद, सगळे बिनचूक असते. पुरावा मात्र प्रयोगशाळेत पोचण्याआधीच गेलेला असतो. वाळवायचे का, हे ज्याला उमगले तो ओल्या चादरीच्या वेळीही चुकत नाही. नुसते पाहून शिकलेला चुकतो.

दुसरा आक्षेप, हे परदेशी खूळ आहे. मग बोटांच्या ठशांचे काय? 1897 मध्ये कलकत्त्यात ठसे विभाग सुरू झाला. ठशांच्या वर्गीकरणाचे गणित बसवले ते प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेल्या पोलीस अधिकारी अझीझुल हक यांनी, हेमचंद्र बोस यांच्या साथीने. नाव लागले एडवर्ड हेन्री या त्यांच्या वरिष्ठ साहेबाचे. पोलीस खाते आणि कॉलेज यांची सोयरीक आपल्याकडे इतकी जुनी आहे.

तपास ढिला राहिला की काय होते, ते 2014 च्या गुजरात सरकार विरुद्ध किशनभाई खटल्यात दिसले. सहा वर्षांच्या मुलीवरील अत्याचार आणि खुनाचा तो खटला. तपासातल्या आणि खटला चालवण्यातल्या त्रुटींमुळे आरोपी सुटला. सुटकेचा प्रत्येक निकाल तपासा आणि त्यातले धडे प्रशिक्षणात घाला, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा राज्यांना बजावले. असे निकाल ओळीने लावून शिकवायला विद्यापीठाइतकी योग्य जागा कोणती?

मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, हे खरे. पण तिथे मुख्यतः प्रयोगशाळेतला माणूस घडतो. घटनास्थळी पहिले पाऊल पडते ते तपासी अंमलदाराचे, आणि निम्मा पुरावा त्या पहिल्या तासात तरतो किंवा बुडतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यांनी झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले, डिजिटल पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य (फाइलची डिजिटल ओळखखूण) मागितले. ते मूल्य म्हणजे काय, हे उलटतपासात वकील विचारणारच. तिथे "साहेबांनी सांगितले म्हणून लिहिले" हे उत्तर चालणार नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. कायदा, पुरावाशास्त्र आणि साक्षीदाराशी बोलण्याचे शास्त्र एकत्र शिकवणारी पदवी महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी सुरू करावी, तिचा मोठा भाग प्रत्यक्ष ठाण्यात आणि सत्र न्यायालयात घ्यावा, आणि नोकरीतल्या हवालदार-फौजदारांना त्यासाठी गृहखात्याने भरपगारी रजा द्यावी.