दोर धरा

वाळूवर गाडी घालणाऱ्या माणसांचा मला संताप येतो. या आठवड्यात तो पुन्हा उसळला, कारण फोनवर एक चित्रफीत फिरत आली. कोकणातल्या कुठल्याशा किनाऱ्यावर एक उंच चाकांची गाडी ओल्या वाळूत गोल गोल फिरते आहे, आतून आरोळ्या येताहेत, मग चाकं रुततात, भरतीचं पाणी दारापर्यंत चढतं आणि गावातली माणसं ट्रॅक्टर घेऊन धावत येतात. ज्यांनी मला ती पाठवली त्यांना गाडीचं वाईट वाटत होतं. मला वाळूचं वाटलं.

त्या वाळूत काय काय असतं हे माहीत असायला फार अभ्यास लागत नाही. थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री किनाऱ्यावर येऊन खड्ड्यात अंडी घालतात आणि पिल्लं बाहेर यायला दीडदोन महिने लागतात. वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी ही घरटी जपली, त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. एक चाक वरून गेलं की ते सगळं दडपतं. शिवाय किनारा ही माणसांचीही कामाची जागा असते. ते मला नीट कळलं देवबागला.

आमचा एक कंपू आहे. कॉलेजपासूनच्या मैत्रिणी, आता बहुतेक निवृत्त. मार्गशीर्षात आम्ही मालवणजवळ देवबागला जाऊन राहिलो. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे गावाची चिंचोळी पट्टी. काहीही करायचं नाही, एवढंच ठरलं होतं. सकाळी घावणे-चटणी, मग सुरूच्या सावलीत पुस्तक, दुपारी झोप, संध्याकाळी पाण्यात पाय. पॅरासेलिंग, बनाना राइड, स्कूबा अशी यादी घेऊन एक तरुण रोज यायचा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली उतरून आलेल्या लोकांचे चेहरे मी पाहिले आहेत, त्यांचा आनंद खरा असतो. पण आम्हाला विश्रांती हवी होती आणि ती आम्ही मनापासून घेत होतो.

एका सकाळी किनाऱ्यावर रापण लागलेली दिसली. होडी जाळं सोडत समुद्रात मोठा अर्धगोल घेऊन परत आली होती आणि दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं दोन रांगांत ओढत होती. सगळी मिळून पन्नासेक असतील. म्हातारे, कॉलेजला जाणारी मुलं, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेला एक शिक्षक. आम्ही जरा लांब उभ्या राहून बघत होतो. रांगेतल्या एका मामांनी मान वळवली.

"ताईंनू, बगीत काय रवल्यात? दोर धरा."

धरला. दोर ओला, जड, मिठाने खरखरीत. पहिल्या मिनिटाला सगळ्यांनी जीव खाऊन हिसके मारले. मामा म्हणाले, "एकदम वडूचा नाय. लाट येता तेवा वडा, गेली की धरून ऱ्हवा." मग जमलं. लाट आली की मागे झुकायचं, गेली की टाचा वाळूत रोवून थांबायचं. रांगेत सगळ्यात मागे पोचलेला माणूस दोर सोडून पुन्हा पाण्याजवळ पुढे येतो, त्यामुळे रांग सतत सरकत असते. खांदे दुखत होते आणि मन इतकं शांत होतं की मला नवल वाटलं. आधीचे दिवस सावलीत लोळूनही डोक्यातले विचार चालूच होते. दोर हातात आल्यावर ते थांबले. पन्नास माणसांबरोबर एकाच वेळी मागे झुकण्यात जो विसावा आहे तो मला याआधी कुठल्याही सुट्टीत मिळाला नव्हता.

आणि तेवढ्यात ती जीप आली. पाण्याच्या कडेकडेने, खिडकीतून फोन बाहेर. वाळूवर ताणलेला दोर चालवणाऱ्याला दिसला नाही, किंवा दिसूनही थांबावंसं वाटलं नाही. माणसांनी ओरडून दोर खाली दाबला, जीप त्यावरून गेली, दोन मुलं बाजूला उडी मारून वाचली. कुणी शिवी दिली नाही. मामा फक्त म्हणाले, "रोजचाच आसा." त्या रोजचाच या शब्दाने मला जास्त राग आला. माणसं काम करत असताना कारखान्यात कुणी अशी गाडी घालील का?

जाळं यायला वेळ होता. मी मामांना विचारलं की भरतीची वेळ तुम्ही कशी काढता. ते म्हणाले, तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. त्या दिवशी षष्ठी. सहा त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार. म्हणजे भरती पहाटे साडेचारला आणि पुन्हा संध्याकाळी साडेचारच्या सुमारास. मधे साडेदहाच्या आसपास सुकती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं, तो भांग, पौर्णिमा-अमावास्येला उधाण. यंत्र नको, पुस्तक नको, फक्त आजची तिथी माहीत हवी.

आमच्यातली गणिताची बाई हे ऐकून दोर सोडून वाळूवर काडीने आकडे मांडायला बसली. पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे सरकते, म्हणजे सातशेवीस मिनिटं. भागिले पंधरा, अठ्ठेचाळीस. तिथीमागे पाऊण तास धरला तर रोज तीन मिनिटं कमी पडतात आणि पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाचा फरक साठतो. तिने मामांना हे अतिशय आदराने सांगितलं. मामांनी वाळूवरचे आकडे वाकून पाहिले, मान डोलावली.

"बरोबर आसा. पण पाणी घड्याळ बगान येणा नाय."

वारा, पाऊस, खाडीचं तोंड, सगळं वेळ मागेपुढे करतं. हिशेब एवढाच हवा की डोक्यात होईल आणि होडी वेळेवर निघेल. ज्यांनी तिथीची पाऊणपट धरली त्यांनी शतकानुशतकं त्यावर पोट भरलं. मुंबईत साडेचार मीटरच्या वरची भरती असली की आपल्याला महापालिकेने सांगावं लागतं. इथे आठवीतला मुलगा तिथी ऐकून वेळ सांगतो. मला वाटतं, हा हिशेब शाळेच्या पुस्तकात यायला हवा, अपूर्णांकांच्या धड्यात, मुंबईच्या शाळांमध्येसुद्धा.

जाळं आलं. मधली पिशवी पाण्याच्या कडेला आली तेव्हा आत चांदी उसळत होती: बांगडे, तारल्या, थोडे सौंदाळे. मासे फार नव्हते. कुणाच्या चेहऱ्यावर आश्चर्यही नव्हतं. पर्ससीनच्या मोठ्या बोटी अख्खे थवे वेढून नेतात. 2016 मध्ये राज्य सरकारने त्यांच्यावर निर्बंध घातले, 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली, तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतो असं रांगेतल्या प्रत्येकाने सांगितलं. गोव्यात रांपणकारांनी सत्तरच्या दशकात माथानी सालढाणांच्या नेतृत्वाखाली ट्रॉलरविरुद्ध लढा दिला, तेव्हाचं भांडण आजही तेच आहे. रापणीच्या वाट्याला किनाऱ्याजवळ येईल तेवढं. बाया पाट्या घेऊन आल्या, वाळूवरच लिलाव झाला आणि रापणीच्या संघातल्या माणसांचे वाटे ठरले.

मग मामांनी आमच्या ओढणीत बांगडे घातले. आम्ही नको नको म्हणत होतो, पैसे देऊ करत होतो. त्यांना ते आवडलं नाही. दोराला हात लागला की वाटा असतो, म्हणाले, तो घ्यायचाच. शिक्षकाच्या हातातही तेवढेच होते आणि कॉलेजच्या मुलांच्याही.

उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी मासे उलटसुलट करून पाहिले आणि तिरफळं कुटायला घेतली. आमच्यातल्या एकीला तळलेले हवे होते, तिने तसं म्हटलंही. काकू म्हणाल्या, आत्ता समुद्रातून आलेला बांगडा तळायचा नसतो, त्याचं तिखलं करायचं. तळायला उद्याचे आहेत. त्यावर कुणी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सप्तमी होती, भरती सव्वापाचला, आणि आम्ही सगळ्या न्याहारीच्या आधीच किनाऱ्यावर होतो.