छोट्या झाडाला मोठी जमीन

बोनसाय म्हटले की डोळ्यांपुढे उथळ तबक येते. पण वाचकहो, तबकात झाड लहान राहते, तसा त्याचा बुंधाही लवकर भरत नाही! म्हणून इंग्लंडातील हौशी मंडळी कोवळी रोपे आधी चार-पाच वर्षे मोकळ्या जमिनीत वाढवतात. नगरपालिकेकडून भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा, म्हणजे 'अलॉटमेंट', तिथे कामी येतो. जुन्या मापाचा पुरा तुकडा सुमारे २५० चौरस मीटरांचा.

पडीक तुकड्यात 'बाइंडवीड' ही वेल बहुधा ठाण मांडून असते. तिच्यावर कुदळ चालवू नये. मुळाच्या प्रत्येक तुकड्यातून नवी वेल उगवते. दातेरी फावड्याने माती सैल करून ती पांढरी मुळे सबंध उपसावीत. मग रोपाखाली कौल ठेवून मेपल किंवा एल्म लावावा, म्हणजे मुळे खोल न जाता आडवी पसरतात.

मात्र १९२२ चा तिथला कायदा अशी जमीन मुख्यतः घरच्या भाजी-फळांसाठी मानतो. तेव्हा बटाट्यांना मळा आणि बोनसायला कोपरा, हेच बरे. नाही तर बुंधा भरण्याआधी जमीनच हातची जायची!