दहा सेंटांचा सुपरमॅन

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात क्लीव्हलँड नावाचं गाव आहे. तिथल्या रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट या संग्राहकाने १९७० साली जुन्या कॉमिक्सच्या भावांची एक पुस्तिका काढली. पाच डॉलरच्या त्या पुस्तिकेत ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकापुढे आकडा होता ३०० डॉलर. हा अंक जून १९३८चा, सुपरमॅन जगासमोर आला तो यातूनच. तीनशेचा आकडा पाहून तेव्हाच्या बऱ्याच संग्राहकांनी नाकं मुरडली. असे भाव छापले की दुकानदार तेवढे मागणारच, मग आपल्यासारख्यांनी जुने अंक घ्यायचे कुठून, अशी त्यांची तक्रार होती. एप्रिल २०२४मध्ये याच अंकाची एक प्रत लिलावात ६० लाख डॉलरना गेली.

दुकानातली मूळ किंमत होती दहा सेंट.

अमेरिकेतले जुने संग्राहक एकत्र जमले की गप्पा हमखास या जुन्या भावांवर येतात. जुन्या पुस्तकांच्या दुकानात कोपऱ्यातल्या खोक्यात कॉमिक्स कशी खच्चून भरलेली असायची, पाच सेंटाला एक या भावाने ती कशी उचलली जायची, दुकानदाराला त्यातला कुठला अंक पहिला आणि कुठला पन्नासावा याच्याशी काही देणंघेणं कसं नसायचं, हे सगळं सांगताना साठी-सत्तरीतल्या माणसांचे चेहरे उजळतात. ऐकणाऱ्याला वाटतं, यांना हातून निसटलेल्या पैशाची हळहळ असेल. काहींना ती असतेही. कुणी कॉलेजच्या फीसाठी, कुणी लग्नाच्या खर्चासाठी तेव्हाच्या भावाने सगळा संग्रह विकून टाकलेला असतो. पण त्या गप्पांमधला जास्त जिव्हाळ्याचा भाग वेगळा आहे. खिशात खाऊचे पैसे घेऊन फिरणारा बारा वर्षांचा मुलगा तेव्हा संग्राहक होऊ शकत होता. आज तो दरवाजा बंद झाला आहे, आणि या माणसांना त्याचं मनापासून वाईट वाटतं.

दहा सेंट ही किंमत ठरली तिचीही एक गोष्ट आहे. १९३३च्या सुमाराला कनेटिकटमधल्या ईस्टर्न कलर या छापखान्यात वर्तमानपत्रांच्या रविवारच्या रंगीत चित्रपुरवण्या छापल्या जात. यंत्रं रिकामी राहू नयेत म्हणून त्याच चित्रकथा लहान आकारात घडी घालून, पिना मारून पुस्तकासारख्या काढायची कल्पना निघाली. सुरुवातीला कंपन्या त्या जाहिरातीपोटी फुकट वाटत. मॅक्स गेन्स नावाच्या विक्रेत्याने काही प्रतींवर दहा सेंटाच्या चिठ्ठ्या चिकटवून त्या वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर ठेवून पाहिल्या. दोन दिवसांत त्या संपल्या, असं कॉमिक्सच्या इतिहासात आवर्जून सांगितलं जातं. १९३४मध्ये ‘फेमस फनीज’ दहा सेंटांना नियमित निघू लागलं आणि तिथून जवळजवळ सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं ती किंमत हलली नाही. पानं मात्र चौसष्टवरून बत्तीसवर आली. १९६२च्या ऑगस्टचा ‘अमेझिंग फँटसी’चा पंधरावा अंक, म्हणजे स्पायडरमॅनचं पदार्पण, बारा सेंटांना विकला गेला. सप्टेंबर २०२१मध्ये त्याच्या एका प्रतीला ३६ लाख डॉलर मिळाले.

दहा सेंटांच्या वस्तूला कोण जपून ठेवणार? ती वाचायची, मित्राच्या अंकाशी बदलायची, गादीखाली कोंबायची आणि घर बदलताना टाकून द्यायची. दुसऱ्या महायुद्धात शाळेतली मुलं घरोघर फिरून कागद गोळा करत होती. त्या देशभक्तीत चाळीसच्या दशकातले लक्षावधी अंक लगद्यात गेले. न खपलेल्या अंकांचे पैसे परत मिळवायला विक्रेते मुखपृष्ठाचा वरचा भाग फाडून पाठवत आणि उरलेला अंक रद्दीत घालत. १९४८च्या सुमाराला काही गावांत शाळा आणि पालकांच्या संघटनांनी मुलांकडून कॉमिक्स जमा करून त्यांच्या होळ्या केल्या. १९५४मध्ये डॉ. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचं ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ आलं. कॉमिक्समुळे मुलं गुन्हेगारीकडे वळतात, हा त्याचा दावा. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली, आणि अनेक आयांनी मुलांच्या खोल्या साफ केल्या. या सगळ्यातून ‘ॲक्शन’च्या पहिल्या अंकाच्या साधारण दोन लाख प्रतींपैकी आज शंभराच्या आसपास उरल्याचा जाणकारांचा अंदाज आहे.

म्हणजे स्वस्ताईची आठवण काढणारे संग्राहक ज्या दुर्मीळ अंकांची गोष्ट सांगतात, ते अंक त्या स्वस्ताईमुळेच दुर्मीळ झाले. छापताना त्यांचा पन्नास सेंटांचा बांधीव ग्रंथ केला असता, तर ते कपाटांत टिकले असते आणि आज कुणी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

तरीही काही माणसं सुरुवातीपासून जपत होती. कॅन्ससमधल्या कॉन्कॉर्डिया गावात हॉलिंजर नावाचे निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना ‘पॉप’ म्हणत. जुनी कॉमिक्स विकत घेऊन पुन्हा विकण्याचा धंदा त्यांनी तिशीच्या दशकाच्या अखेरीस सुरू केला. तेव्हा या वस्तूला बाजार असतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकांनी वारंवार हाताळूनही अंक टिकावा म्हणून ते कण्याला चिकटपट्टी लावत, जास्तीच्या पिना मारत. हेतू चांगला होता. आज त्यांच्या हातचे अंक ‘दुरुस्त केलेले’ म्हणून वेगळे ओळखले जातात आणि त्यांचा भाव उतरतो. साठीच्या दशकात टपालाने यादी पाठवून विकणारे दुकानदार आले, हौशी वाचकांनी सायक्लोस्टाइलवर काढलेली नियतकालिकं आली. ब्रुकलिनमधल्या शाळेत इंग्रजी शिकवणारे फिल स्यूलिंग न्यूयॉर्कमध्ये मेळावे भरवू लागले. १९६४-६५च्या सुमाराला ‘ॲक्शन’च्या पहिल्या अंकाला शंभर डॉलर मिळू शकतात, हीच वर्तमानपत्रात बातमी होत असे. १९७३मध्ये अठरा वर्षांच्या एका तरुणाने एका प्रतीसाठी अठराशे डॉलर मोजले तेव्हा तर त्याला वेड्यात काढणारेच जास्त होते.

या इतिहासातला सर्वांत विलक्षण प्रसंग १९७७ सालचा आहे. कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर शहरात एडगर चर्च नावाचे व्यावसायिक चित्रकार राहत. टेलिफोन कंपनीच्या जाहिराती काढणं हे त्यांचं काम. चित्रांच्या संदर्भासाठी म्हणून आणि मनापासून आवडत म्हणूनही, त्यांनी तीस ते पन्नासच्या दशकांत स्टॉलवर येणारी जवळपास सगळी कॉमिक्स विकत घेतली आणि घरात एकावर एक रचून ठेवली. वृद्धापकाळी घर रिकामं करायची वेळ आली तेव्हा घरच्यांनी चक रोझान्स्की या तरुण दुकानदाराला बोलावलं. त्याला जे दिसलं त्यावर त्याचा विश्वास बसेना. अठरा ते बावीस हजार अंक, बहुतेक नुकतेच छापखान्यातून आल्यासारखे. कोलोरॅडोची हवा थंड आणि कोरडी, गठ्ठे एकमेकांवर घट्ट दाबलेले, त्यामुळे कागदाला उजेड आणि वारा लागलाच नव्हता. चाळीस वर्षांपूर्वीच्या न्यूजप्रिंटची पानं पांढरी राहिली होती. सगळा संग्रह रोझान्स्कीला दोन हजार डॉलरच्या आत मिळाला.

मग त्याने एक धाडस केलं. ओव्हरस्ट्रीटच्या पुस्तिकेतल्या भावाच्या दुप्पट किमती त्याने या अंकांना लावल्या. लोक चिडले, त्याला लुटारू म्हणाले, आणि मग विकत घेऊ लागले. जुन्या कॉमिक्समध्ये अंकाच्या क्रमांकाइतकीच त्याच्या स्थितीलाही किंमत असते, हे बाजाराला त्या वेळी खऱ्या अर्थाने कळलं. संग्राहक आजही काळाची विभागणी अशीच करतात: एडगर चर्चच्या संग्रहापूर्वी आणि नंतर. पण चर्च यांनी जमवलेल्या हजारो अंकांचे त्यांना स्वतःला किती पैसे मिळाले, हा प्रश्न त्या उत्साहात कुणी विचारत नाही. तो विचारायला हवा.

त्याहून मोठा अन्याय जेरी सीगल आणि जो शुस्टर यांच्यावर झाला. ओहायोतल्या दुसऱ्या क्लीव्हलँडमधल्या या दोन मुलांनी सुपरमॅन निर्माण केला आणि १९३८मध्ये त्याचे सगळे हक्क १३० डॉलरना प्रकाशकाला दिले. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, दोघांची नावंही छापायची बंद झाली. शुस्टर यांची दृष्टी अधू झाली, सीगल यांना साध्या कारकुनी नोकरीवर दिवस काढावे लागले. बराच गाजावाजा झाल्यावर १९७५च्या अखेरीस वॉर्नर कंपनीने दोघांना वर्षाला वीस-वीस हजार डॉलरचं निवृत्तिवेतन द्यायचं कबूल केलं आणि त्यांची नावं पुन्हा छापली जाऊ लागली. त्या १३० डॉलरचा ज्या धनादेशात समावेश होता, तो मूळ धनादेश २०१२मध्ये लिलावात आला. तो १ लाख ६० हजार डॉलरना गेला. दुर्मीळ कॉमिक्सच्या भावांची चर्चा करताना हा कागद आधी आठवावा.

अलीकडचे किस्से अधिक झगमगीत आहेत. अभिनेता निकोलस केजने १९९७मध्ये ‘ॲक्शन’चा पहिला अंक दीड लाख डॉलरना घेतला, २०००मध्ये तो त्याच्या घरातून चोरीला गेला, २०११मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका भाड्याच्या गोदामात सापडला आणि त्याच वर्षी २१ लाख ६० हजारांना विकला गेला. मिनेसोटात एका माणसाने सुमारे दहा हजार डॉलरना पडकं घर विकत घेतलं. भिंत फोडताना आत थंडीपासून बचावासाठी कोंबलेल्या जुन्या कागदांत हाच अंक निघाला. घरातल्यांच्या ओढाताणीत त्याचं मागचं मुखपृष्ठ फाटलं, तरी २०१३मध्ये त्याला पावणेदोन लाख मिळाले. नोव्हेंबर २०२५मध्ये ‘सुपरमॅन’ मासिकाचा १९३९चा पहिला अंक ९१ लाख २० हजारांना गेला. आईच्या मृत्यूनंतर घर आवरणाऱ्या तीन भावांना तो पोटमाळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांच्या खोक्यात मिळाला होता.

२०००पासून अंकांची तपासणी करून, दहापैकी गुण देऊन, ते कडक प्लास्टिकच्या पेटीत कायमचे बंद करण्याची पद्धत रुळली. बनवाबनवीला त्यामुळे आळा बसला हे मान्य. पण पेटीतला अंक वाचता येत नाही, पानांचा वास घेता येत नाही, मागची जाहिरात पाहता येत नाही. मुलांनी लोळत वाचायची वस्तू शेअरसारखी हातोहात फिरू लागली, हे या छंदाचं मोठं नुकसान आहे. अनेक जुने संग्राहक हेच तळमळून सांगतात आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

आपल्याकडे हाच प्रवास थोडा उशिरा सुरू झाला. मार्च १९६४मध्ये मुंबईहून टाइम्स समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ काढलं. पहिल्या अंकात ली फॉकचा फँटम होता, किंमत साठ पैसे. बी. गोविंद यांनी रंगवलेली मुखपृष्ठं स्टॉलवर लांबून ओळखू येत. मराठी घरांत फँटम ‘वेताळ’ म्हणून आला, मॅन्ड्रेक आला, सत्तरीच्या दशकात आबिद सुरतींचा बहादूर आला. १९९०मध्ये बंद पडेपर्यंत आठशेवर अंक निघाले. ‘इंद्रजाल’च्या उभारणीत असलेले अनंत पै १९६७मध्ये ‘अमर चित्र कथे’कडे वळले. ‘इंद्रजाल’चे अंक फिरत्या वाचनालयांतून रोजच्या भाड्याने वाचले गेले, सुट्टीत अदलाबदलीने फाटले, पावसाळ्याच्या ओलीने चिकटले, कसरीने खाल्ले आणि उरलेले किलोच्या भावाने रद्दीवाल्याकडे गेले. ज्या घरांत ते टिकले, तिथे दहा-बारा अंक एकत्र शिवून, कडा कापून त्यांची बाइंडिंगं झाली. त्या काळी ती काळजीच होती. आज मात्र सुट्या, न कापलेल्या अंकांना संग्राहक जास्त मोल देतात. साठ पैशांचा अंक आज शेकड्यांत, काही वेळा हजारांत जातो. अमेरिकेच्या मानाने हे काहीच नाही. म्हणूनच शाळकरी मुलालाही थोड्याशा पैशांत एखादा जुना ‘इंद्रजाल’ अजून मिळू शकतो. हा काळ फार दिवस टिकणार नाही.

तेव्हा पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा गठ्ठा खाली आला, तर तो रद्दीच्या काट्यावर घालण्याआधी उघडून पाहा. मराठी अंक असतील तर जास्त लक्ष द्या, कारण ते जपायला आपल्याशिवाय दुसरं कुणी नाही. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, तिचा डिंक काही वर्षांत कागद पिवळा करतो. गंजलेल्या पिना ओढून काढू नका. अंक कोरड्या जागी, उजेडापासून दूर, आडवे ठेवा. विकायचे नसतील आणि ठेवायला जागाही नसेल, तर गावातल्या वाचनालयाला विचारा. आणि घरात एखादं मूल असेल तर आधी त्याला ते वाचू द्या.