एकाशनाने हर्निया बरा होत नाही



दुसऱ्या सिझेरियननंतर तीन वर्षांनी माझ्या बेंबीखाली लिंबाएवढा फुगवटा आला. झोपलं की आत जायचा, खोकलं की बाहेर. सहा वर्षं मी तो पदराआड लपवला. सासूबाई म्हणायच्या गॅस आहे, मला वाटायचं चरबी. लिंबाचा पेरू झाला तेव्हा कुठे सोनोग्राफी केली. हर्निया निघाला. जुन्या टाक्यांच्या जागी पोटाची भिंत विरली होती.

उंची १५५ सेंटिमीटर, वजन ८२ किलो, म्हणजे बीएमआय ३४. आपल्या भारतीय बांध्याला २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. गोंदियातल्या एका डॉक्टरांनी मानही वर न करता सांगितलं, "आधी वजन कमी करा, मग या." किती करू, किती दिवसांत, तोवर काय जपू, काही नाही. अपमान गिळून घरी आले आणि दशलक्षणात दहा दिवस एकाशन केलं. तीन किलो उतरले. दिवाळीपर्यंत चार चढले!

माझं स्पष्ट मत आहे, तप हे कर्मनिर्जरेसाठी, वजनकाट्यासाठी नाही. उपवासात पाणी कमी पडून मलावरोध झाला, की कुंथताना तोच फुगवटा आणखी बाहेर येतो. हे मी भोगलंय.

दुसऱ्या डॉक्टरांनी नीट समजावलं. जाड पोटावर मोठा छेद दिला तर चरबीतली जखम चिघळण्याची, जंतू शिरण्याची भीती जास्त असते. दुर्बिणीने तीन-चार बारीक छिद्रांतून आतल्या बाजूने जाळी बसवता येते, म्हणून वजनदार बाईला जखमेचा त्रास कमी. पण पोटातला दाब तोच राहिला तर हर्निया पुन्हा होऊ शकतो, दुर्बीण असो वा नसो. वजन उतरवायचं ते यासाठी. त्यांनी पाच महिन्यांची मुदत दिली आणि पुढची तारीखही लिहून दिली. ती तारीख फार कामाची ठरली. आपल्या धानाच्या जिल्ह्यात दोन्ही वेळा ताटभर भात, तो मी एका वेळेवर आणला, वाटी मोजून. साखर तपासून घेतली, रोज चालले. ७५ किलोवर ऑपरेशन झालं.

आता आपल्या घरातला प्रश्न. जाळी कशाची असते? बहुतेक जाळ्या पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या, म्हणजे कृत्रिम धाग्याच्या. पण आतड्याच्या बाजूला ती चिकटू नये म्हणून अस्तर लावतात, आणि काही जाळ्यांचं अस्तर प्राण्यांच्या कोलॅजेनचं असतं. काही जाळ्या तर प्राण्यांच्या ऊतींपासूनच बनवतात. मी आधीच विचारलं, डॉक्टरांनी प्राणिज अंश नसलेली जाळी निवडली. हसले नाहीत.

इंजेक्शनचं मात्र जमलं नाही. लठ्ठ माणसाच्या पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिनच्या जातीचं इंजेक्शन देतात, ते बहुधा डुकराच्या आतड्यापासून काढलेलं असतं. पर्याय विचारला. माझ्या बाबतीत तेच योग्य, असं डॉक्टर म्हणाले. मी घेतलं. मनाला लागलं, अजून लागतं. तरी दोन मुलांच्या आईने तिथे हट्ट धरावा, असं मला वाटत नाही. प्रश्न विचारायचा तो तारीख ठरवताना, टेबलावर झोपल्यावर नाही. रात्रीच्या गोळ्यांचंही तसंच. सूर्यास्ताआधी बसणारी वेळ डॉक्टरांनीच जुळवून दिली.

ऑपरेशननंतर जुन्या जागी पाणी साचून पुन्हा फुगवटा दिसला. मी रडले, हर्निया परत आला म्हणून. ते पाणी होतं, काही आठवड्यांत जिरलं.

आणि फुगवटा आत जाईनासा झाला, दुखू लागला, लाल झाला, उलट्या सुरू झाल्या, तर पारणं, पाहुणे, मंदिरातला कार्यक्रम काही बघू नका. आतडं अडकलेलं असू शकतं, त्याच रात्री दवाखाना गाठा. गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरची गाडी मिळेपर्यंत थांबू नका.

माझ्या जाऊबाईंच्या पोटावरही तसाच फुगवटा आहे. हे लिहायच्या आधी त्यांना विचारलं. म्हणाल्या, "चातुर्मास होऊ दे." मी सोमवारची वेळ घेऊन ठेवली आहे.