विश्लेषण : कारखान्यांची ‘सोनोग्राफी’ कशी होते? पाइप फुटण्याआधी धोका कळतो का?

बाहेरून धडधाकट दिसणारा पाइप आतून झिजून पातळ झालेला असू शकतो. ही झीज पाइप न कापता, अनेकदा कारखाना सुरू असतानाच, अल्ट्रासॉनिक म्हणजे श्राव्यातीत लहरींनी मोजता येते. तरीही अपघात का होतात?

तंत्र काय आहे?

माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. त्यापलीकडच्या लहरी श्राव्यातीत. धातूच्या तपासणीत बहुधा काही मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. पृष्ठभागावर जेल लावून प्रोब टेकवला की लहर धातूत शिरते, आतल्या बाजूवर आदळून परतते. पोलादात तिचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर असतो. त्यामुळे १० मिलिमीटर जाडीतून जाऊन परतायला तिला सुमारे ३.४ मायक्रोसेकंद लागतात. प्रतिध्वनी त्याआधी परतला, तर धातू झिजला आहे. मध्येच एखादी भेग असेल तर तिचाही प्रतिध्वनी मिळतो.

रिचमंडमध्ये काय घडले?

६ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील रिचमंड येथे शेव्हरॉनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात आठ इंची पाइप फुटला. बाष्पाच्या ढगात १९ कर्मचारी सापडले, पण सर्व बचावले. नंतर आग भडकली आणि धुरामुळे परिसरातील सुमारे १५ हजार लोकांनी वैद्यकीय उपचार घेतले. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या तपासानुसार, फुटलेल्या भागाजवळ पाइपची जाडी सरासरी ९० टक्के घटली होती.

जाडी मोजूनही धोका का कळला नाही?

मोजणी ठरावीक बिंदूंवर होत होती. हे बिंदू मुख्यतः वळणे आणि जोडांवर होते. फुटलेला सरळ तुकडा त्यात नव्हता. त्याच्या पोलादात सिलिकॉन फार कमी होते आणि असे पोलाद गरम तेलातील गंधकाने वेगाने झिजते. अशा पाइपचा प्रत्येक तुकडा तपासावा, अशी शिफारस कंपनीच्याच तज्ज्ञांनी केली होती. तिची परिणामकारक अंमलबजावणी झाली नाही.

नव्या पद्धतींनी काय साधते?

कायमस्वरूपी बसवलेले संवेदक एकाच जागेची जाडी वारंवार मोजतात. त्यामुळे झिजण्याचा वेग कळतो. तापमानानुसार लहरींचा वेग बदलतो, म्हणून आकड्यांत तशी दुरुस्ती करावी लागते. ‘गाइडेड वेव्ह’ पद्धतीत पाइपभोवती संवेदकांचे कडे बसवून कमी वारंवारितेच्या लहरी पाइपच्या भिंतीतून कित्येक मीटर दूर पाठवतात. दोन बिंदूंमधला भागही त्यामुळे तपासता येतो. मात्र नेमकी जाडी त्यातून कळत नाही. संशयित जागी पुन्हा साधा प्रोब लावावाच लागतो. वळणे, जोड आणि जमिनीत गाडलेल्या भागांत लहरींचा पल्लाही घटतो.

मग गरज कशाची?

यंत्र फक्त आकडा देते. कुठे मोजायचे, हे धातूची जात आणि आतला पदार्थ पाहून ठरवावे लागते. जाडी मर्यादेखाली गेली की पाइप बदलण्याचा, वेळ पडल्यास उत्पादन थांबवण्याचा अधिकार तपासणी करणाऱ्यांकडे हवा. मुंबईत माहूल-चेंबूरसारख्या भागात तेलशुद्धीकरण कारखाने आणि वस्ती शेजारी-शेजारी आहेत. तपासणीचा अहवाल फायलीत पडून राहिला, तर त्याची किंमत कुंपणाबाहेरच्या लोकांनाही मोजावी लागते, हे रिचमंडने दाखवून दिले आहे.